पावणेआठची शाळा: एका एक्सचेंज विद्यार्थिनीचा जर्मनीतला पहिला दिवस

हे लिहायला उशीर झाला, कारण यात निम्मी चूक माझी आहे, आणि स्वतःची चूक लिहायला बसलं की आधी चहा लागतो, मग कोणाचा तरी फोन येतो, मग उद्या बघू. तर मी पुण्यात घरीच जर्मनचे क्लास घेते, छोट्या बॅचेस, अकरावी-बारावीची पोरं आणि नोकरीसाठी तिकडे निघालेले इंजिनियर. त्यातली एक मुलगी, सोळा वर्षांची, २०२४ च्या ऑगस्टअखेर एका एक्सचेंज संस्थेतर्फे पाच महिन्यांसाठी ट्यूबिंगेनला गेली. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचं हे प्रकरण. तिला आणि तिच्या आईला विचारून लिहितेय, नाव घालणार नाही, शाळेचंही नाही. माहितीचा आधार म्हणजे तिचे त्या दिवशीचे अकरा व्हॉइस मेसेज, त्यातले तीन रडत केलेले, आणि नंतर तिच्या तिकडच्या होस्ट आईशी झालेला माझा एक लांबलचक कॉल.

तयारी

तयारीत कमी काही नव्हतं, म्हणजे आम्हाला तरी तसं वाटत होतं. बी-वन ही जर्मनची मधली पातळी चांगल्या मार्कांनी पास, डेर-डी-दास म्हणजे नामांची लिंगं पाठ, डाटिव्ह ही विभक्ती चुकत नव्हती. बॅगेत थर्मल, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, होस्ट फॅमिलीला पैठणीच्या कापडाच्या पर्सेस. आणि पाच फुलस्केप वह्या. या वह्या आजीने दिल्या होत्या, प्रत्येकीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक, चार टिंबं, खाली श्री. आपल्याकडे नवीन वहीचं पहिलं पान असंच असतं, त्यात वेगळं असं काही कोणाच्या डोक्यात येतच नाही. मी बॅग भरताना तिथे होते, वही हातात घेऊन बघितली आणि "आजींचं अक्षर किती सुंदर" एवढंच म्हणाले. चौदा वर्षं जर्मन शिकवतेय मी. असो, त्यावर पुढे येतेच.

थोडं तिकडच्या शाळांबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जर्मनीत शिक्षण हा केंद्राचा विषयच नाही, सोळा राज्यं आणि सोळांचे आपापले नियम, सुट्ट्यासुद्धा वेगवेगळ्या. ट्यूबिंगेन बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं, आणि हे राज्य आणि बायर्न, म्हणजे बव्हेरिया, उन्हाळी सुट्टी सगळ्यात उशिरा यांचीच. त्या वर्षी शाळा सुरू झाली सोमवारी, ९ सप्टेंबरला. गणेश चतुर्थी शनिवारी ७ ला. म्हणजे दीड दिवसाचा गणपती तिने व्हिडिओ कॉलवर रविवारी बोळवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा. शाळेचा प्रकार गिम्नाझियुम, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीला जाणाऱ्यांची. वर्ग दहावी, बाहेरून आलेल्या मुलांना बऱ्याचदा दहावीतच बसवतात कारण त्यापुढची दोन वर्षं तिकडच्या शेवटच्या परीक्षेत, आबिटुअरमध्ये, मोजली जातात.

रविवारी संध्याकाळीच पहिली ठेच

होस्ट आईने जेवताना सांगितलं, शाळा ड्रायफिर्टल आख्टला. आता पुस्तकी जर्मनमध्ये हे येत नाही. पुस्तकात फिर्टल नाख म्हणजे सव्वा, फिर्टल फोर म्हणजे पावणे, सरळ. हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे, हे मी घोकून घेतलेलं असतं. पण त्या भागात श्वेबिश ही बोली बोलतात, आणि तिथे फिर्टल आख्ट म्हणजे सव्वासात, ड्रायफिर्टल आख्ट म्हणजे आठातला पाऊण भाग झाला, म्हणजे पावणेआठ. गंमत बघा, पावणेआठ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला सोपं जायला हवं, निदान पावणेचं आपलं गणित तेच आहे, निघून गेलेल्या तासावरून नाही तर येणाऱ्या तासावरून मोजायचं. पण पोरीने ड्राय म्हणजे तीन, फिर्टल म्हणजे पाव, आख्ट म्हणजे आठ अशी बेरीज केली आणि आठ वाजून पंचेचाळीस ठरवलं. शंका आली होती तिला, मेसेजमध्ये तसं म्हणालीये, "मला वाटलं जरा उशिराच आहे शाळा." पण विचारलं नाही. मान हलवली आणि अलार्म साडेसातचा लावला.

सहा वाजून दहा मिनिटांनी दारावर टकटक. पुढचा अर्धा तास लिहिण्यासारखा नाही. होस्ट बहीण, जी त्याच शाळेत नववीत आहे, तिने हाताला धरून बसमध्ये घातलं.

दिवस

पहिले दोन तास वर्गशिक्षकांचे. ते आत आले आणि आमची मुलगी ताडकन उभी राहिली. एकटीच. काही शाळांत लहान वर्ग अजून उभे राहतात तिकडे, पण इथे दहावीत कोणीच हललं नाही. सरांना वाटलं तिला बाहेर जायचंय, त्यांनी विचारलं, काही हवंय का? ती म्हणाली नाही सर. 'सर' हा शब्दच तिथे नाही, हेर अमुक किंवा फ्राऊ तमुक, आडनाव लावून. कोणी हसलं नाही म्हणे, आणि तेच तिला जास्त लागलं. पुण्यात हसले असते, मग तीही हसली असती, विषय संपला असता.

मग टाइमटेबल वाटलं, वर्गांचे नंबर, कुठला विषय कुठल्या खोलीत. हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे वर्ग एका खोलीत बसतो आणि शिक्षक येतात-जातात. तिकडे फिजिक्सची खोली वेगळी, म्युझिकची वेगळी, पोरंच दप्तरं घेऊन हिंडतात, आणि बेल झाली की दोन मिनिटांत सगळे गायब. सरांनी शेवटी विचारलं, काही प्रश्न? तिला किमान दहा होते. एकही विचारला नाही.

मोठी सुट्टी, वीस मिनिटं. होस्ट आईने डब्यात बटर लावलेलं ब्रेत्सल आणि सफरचंदाच्या फोडी दिलेल्या, त्या भागात या मधल्या खाण्याला फेस्पर म्हणतात. ती अंगणात एका भिंतीशी उभी राहिली आणि कोणीतरी येईल म्हणून थांबली. कोणी आलं नाही. इथे मला होस्ट आईचं म्हणणं जसंच्या तसं सांगायला हवं, कारण ते मला आधी पटलं नव्हतं. वर्गातल्या दोघी-तिघींनी तिला बघितलं होतं, पण नवीन मुलगी एकटी उभी आहे, शांत आहे, तर तिला लगेच घेरू नये, हवं तर ती येईल, असा त्यांचा हिशोब. म्हणजे त्यांच्या लेखी ती सभ्यता. आपल्याकडे नवीन पोरगी आली की पाच मिनिटांत कुठली गं तू, भाऊ-बहीण किती, डब्यात काय आणलंस, सगळं बाहेर काढतात, आणि आपण त्याला प्रेम म्हणतो.

तिसरा तास म्हणजे या प्रकरणातला माझा आवडता भाग. टाइमटेबलवर लिहिलं होतं रेलिगिओन. धर्माचा तास तिकडे सरकारी शाळेत असतो, राज्यघटनेच्या सातव्या कलमात तशी तरतूदच आहे. पण एकत्र नाही, या तासाला वर्ग फुटतो, प्रोटेस्टंट एकीकडे, कॅथलिक दुसरीकडे, आणि ज्यांना यातलं काहीच नको ते एटिक नावाच्या विषयाला, म्हणजे नीतिशास्त्र. बेल झाली, वर्ग तीन दिशांना पांगला. हिने समोर दिसेल त्या घोळक्याच्या मागे चालायला सुरुवात केली. घोळका कॅथलिक निघाला. बाईंनी यादी वाचली, हिचं नाव नाही. त्यांनी विचारलं, बिस्ट डू काटोलिश? तू कॅथलिक आहेस का? आणि ही म्हणाली, या, म्हणजे हो.

मी मेसेज तीनदा ऐकला. अगं हो का म्हणालीस? तर म्हणे, नाही म्हटलं असतं तर उठून जावं लागलं असतं, आणि कुठे जायचं ते विचारावं लागलं असतं. पंचेचाळीस मिनिटं बसली तिथे. नाव विचारलं तेव्हा ते मात्र खरं सांगितलं, त्या नावात कॅथलिक काय शोधणार बिचाऱ्या बाई.

चौथ्या तासाला इतिहास, आणि इथे वही निघाली.

तिने वही उघडली, पहिलं पान सोडून दुसऱ्यावर तारीख घालायला लागली. पान उलटताना शेजारच्या मुलाला लाल स्वस्तिक दिसलं. तो थबकला, असं ती म्हणते, पेन हातात होतं ते खाली ठेवलं त्याने. आणि सरळ विचारलं, वास इस्ट दास? हे काय आहे? आवाज चढवून नाही, पण कुजबुजूनही नाही. पुढच्या बाकावरचे दोघे वळले.

हाकनक्रॉइत्स हा शब्द तिला येत होता. इतिहासाच्या पुस्तकातून, हिटलरच्या झेंड्यावरचा. पण तो शब्द आणि आजीच्या हातचं कुंकू या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या, आणि बसवायचं काम माझं होतं. नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात तिकडच्या पोरांना तो काळ सविस्तर असतो, कितीतरी शाळा छळछावण्यांची स्मारकं दाखवायला नेतात, रस्त्यात फुटपाथमध्ये पितळी चौकोन बसवलेले असतात, इथे अमुक ज्यू कुटुंब राहायचं, अमुक साली उचलून नेलं. त्या पोराने हे चिन्ह वहीच्या पानावर, आपल्या शेजारी, कोणीतरी आवडीने काढलेलं बघायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली असणार.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण नंतर तिच्या बाबांनी मला रात्री फोन करून "पोलीस केस होऊ शकते का" विचारलं. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६-अ, बंदी असलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. कलेला, शिक्षणाला, संशोधनाला सूट आहे, आणि हिंदू किंवा बौद्ध धर्मचिन्ह म्हणून काढलेलं स्वस्तिक हा काही नाझी प्रचार नव्हे, मंदिरात, लग्नपत्रिकेवर असतंच. पण लोक किती हळवे आहेत याचा अंदाज यावा म्हणून सांगते, स्टुटगार्टच्या कोर्टाने २००६ मध्ये एका विक्रेत्याला दंड केला होता, तो नाझींच्या विरोधातले स्टिकर विकायचा, स्वस्तिकावर काट मारलेले! कार्ल्सरूहेच्या केंद्रीय न्यायालयाने २००७ च्या मार्चमध्ये ते रद्द केलं, पण वरच्या कोर्टापर्यंत जावं लागलं ना. तेव्हा केस वगैरे नाही हो, पण कोणाच्या पोटात गोळा येईल हे नक्की.

इतिहासाच्या बाई जवळ आल्या. त्यांनी वही बघितली आणि विचारलं, तुझ्यासाठी याचा अर्थ काय? एवढंच. आणि आमची पोरगी, जी सकाळपासून हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती, ती बोलली. डाटिव्हची वाट लागली, क्रियापद शेवटी जायचं ते मधेच राहिलं, पण बोलली. आजी. नवीन वही. सुरुवात चांगली व्हावी. लाल रंग म्हणजे कुंकू, ते लग्नातपण असतं, दारावरपण असतं. चार टिंबांचा अर्थ मात्र तिला सांगता आला नाही, ती म्हणाली, ते आजीला विचारावं लागेल. यावर वर्ग पहिल्यांदा हसला. बाईंनी मग दोन वाक्यांत फरक सांगितला, नाझींचं काळं, ४५ अंशांत तिरकं, पांढऱ्या वर्तुळात, त्यांच्या पक्षाने १९२० मध्ये घेतलेलं, आणि हे त्याच्या कितीतरी आधीचं. जर्मनमध्ये दोघांना शब्दही वेगवेगळे आहेत, त्यांचं ते हाकनक्रॉइत्स आणि आपलं ते स्वास्तिका. आणि मग तिला हळूच म्हणाल्या, चूक काही नाही, पण शाळेत हे पान उघडं दिसेल असं ठेवू नकोस, प्रत्येकाला तुझी आजी माहीत नाही.

मला ही बाई फार आवडली.

रडू आलं ते नंतर, टॉयलेटमध्ये. पहिला रडका मेसेज तिथला, अकरा वाजून दहा मिनिटांचा, आपल्याकडे दुपारचे दोन-चाळीस. "मॅम, तुम्ही सांगितलं का नाही?"

पाचव्या तासाला गणित. सोपं होतं, सगळं येत होतं, फक्त फळ्यावरचा एक हा तिला सात वाटत होता, कारण तिकडे एकाला वर लांब शेंडी काढतात आणि साताच्या पोटात आडवी रेघ. साडेतीन म्हणजे तीन स्वल्पविराम पाच, आणि हजार लिहिताना मधे टिंब. सर प्रश्न विचारत होते, उत्तरं हिला माहीत होती, ही गप्प. एकदा हात वर करायला निघाली, आपल्या पद्धतीने, दंड ताठ, पंजा पसरलेला, आणि शेजारच्याने तिचं मनगट धरून खाली घेतलं आणि स्वतःची तर्जनी वर करून दाखवली. फक्त एक बोट. याला तिथे श्ट्रेकन म्हणतात. ताठ हात आणि सपाट पंजा समोर गेला की तिकडे कशाची आठवण होते ते तिला या वेळी सांगावं लागलं नाही. तो मुलगा बिचारा दिवसभर ड्युटीवर होता.

गप्प राहणं हे मात्र साधं प्रकरण नाहीये. त्या राज्यात शिक्षकाने वर्षाच्या सुरुवातीला सांगायचं असतं की मार्क कसे धरणार, लेखी किती, तोंडी किती, आणि तोंडी म्हणजे वर्गात बोलणं. या सरांनी सांगितलं लेखी दोन भाग, तोंडी एक. आता आपल्या शाळेत जी मुलगी "शांत, हुशार, त्रास देत नाही" म्हणून लाडकी असते, ती तिकडे तोंडीत चार आणते. चार चांगले नाहीत बरं का, एक सगळ्यात वरचा आणि सहा सगळ्यात खालचा. तिच्या बाबांना हे समजावताना माझा घसा बसला, ते म्हणे "चार म्हणजे सहापैकी चार ना, बरे आहेत की."

सहावा तास झालाच नाही. शिक्षक आजारी. पण हे तिला कोण सांगणार? दाराशी स्क्रीन असते, त्यावर बदली तासांची यादी फिरत असते, फेरट्रेटुंग्सप्लान, तिथे तिच्या वर्गासमोर लिहिलं होतं एंटफेल्ट, म्हणजे तास रद्द. सगळ्यांनी ते वाचलं आणि निघून गेले. ही रिकाम्या खोलीत वीस मिनिटं बसली. शेवटी हाउसमाइस्टर आला, म्हणजे इमारत बघणारा माणूस, किल्ल्यांचा जुडगा घेऊन, आणि श्वेबिशमध्ये काहीतरी बोलला, तिला ऐकू आलं ते "दो इश निक्स मे, गेल". काही कळलं नाही. आणि इथे तिने दिवसातला पहिला प्रश्न आपणहून विचारला. वो इस्ट माइने क्लासं? माझा वर्ग कुठे आहे?

तो तिला स्क्रीनपाशी घेऊन गेला, बोट ठेवून तो शब्द दाखवला, मग परत खोलीत आणलं आणि खुर्ची उचलून बाकावर उलटी ठेवायला लावली. शेवटच्या तासानंतर पोरांनीच खुर्च्या वर ठेवायच्या असतात, खाली झाडता यावं म्हणून. मग म्हणाला, चल पळ.

माझं मत

संस्थेच्या फॉर्ममध्ये या सगळ्याला "सांस्कृतिक धक्का" असं एक खोकं आहे, त्यात टिक करून आपण मोकळे. मला ते पटत नाही. धक्का वगैरे एकदाच बसला, इतिहासाच्या तासाला, आणि तोच प्रसंग सगळ्यात नीट निभावला गेला, कारण तिथे कोणीतरी तिला सरळ विचारलं आणि तिला उत्तर द्यावंच लागलं. बाकी सगळीकडे, पावणेआठ, सुट्टी, कॅथलिक तास, रिकामी खोली, ती कोणीतरी सांगेल म्हणून थांबली होती. तिथे माहिती कागदावर असते, स्क्रीनवर असते, नाही कळली तर विचारायची. विचारलं नाही म्हणजे कळलं, असं ते धरतात. आपल्याकडे न विचारणं हे वळण आहे, "मोठे बोलतात तेव्हा मधे प्रश्न नको" यावर वाढलेली पोरं आहेत ही, आणि मी क्लासमध्ये तेच करत होते. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं त्यांनी द्यायची. दोन वर्षांत त्या मुलीने जर्मनमध्ये मला किती प्रश्न विचारले असतील? "मॅम, हे परीक्षेत येणार का", बस.

म्हणून आता बॅचमधल्या, तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक काम देते. खोलीत पाच चिठ्ठ्या लपवते आणि त्या कुठे आहेत ते फक्त जर्मनमध्ये विचारून काढायचं, मी आपणहून एक अक्षर बोलत नाही. पहिली दहा मिनिटं भयाण शांतता असते, बघवत नाही. घड्याळ शिकवताना पावणेआठपासून सुरुवात करते. आणि स्वस्तिकाबद्दल पालकांना बॅग भरायच्या आधी फोन करते. एक आई चिडल्या माझ्यावर, आपला धर्म लपवायचा का म्हणे. लपवायचं काय त्यात, समोरच्याला काय दिसतं ते पोराला माहीत असावं एवढंच, मग दाखवायचं का झाकायचं ते त्यांचं ते ठरवतील.

या मुलीने काय केलं ते सांगते. रात्री तिला वाटलं पान फाडावं, पण हात होईना. मग आजीलाच फोन लावला. आजी शांतपणे म्हणाली, "अगं वही घरी ठेव आणि दुसरी घे, देव काय त्या पानावर बसून राहिलाय का." चार टिंबांचं विचारलं तर आजी म्हणाली, "कोणी चार वेद म्हणतं, आम्ही आपले आईने काढले तसे काढतो." दुसऱ्या दिवशी होस्ट बहिणीबरोबर जाऊन चौकटीच्या कागदाचा कॉलेजब्लॉक, म्हणजे वहीसारखं पॅड, आणला, गणिताला चौकटच लागते, रेघांची चालत नाही.

आणि रेलिगिओनच्या बाई तिला जिन्यात भेटल्या तेव्हा तिने त्यांना थांबवून सांगितलं की मी कॅथलिक नाहीये, सॉरी, मला प्रश्न कळला होता. बाई म्हणाल्या, मला वाटलंच, म्हणून तुझं नाव पेन्सिलने लिहिलंय. एटिकची खोली कुठली, हे तिने पुढच्याच वाक्यात विचारलं.